बिदरच्या नकाशावरचे ठिपके

हुमनाबादजवळच्या माणिकनगरात दत्तजयंतीच्या उत्सवात दरबार भरतो. माणिकप्रभूंच्या (१८१७–१८६५) गादीपुढे गवई आपली हजेरी लावतात आणि ऐकायला मराठी, कानडी, उर्दू, तेलुगू बोलणारी माणसे मांडीला मांडी लावून बसतात. खुद्द प्रभूंनीच मराठी, कानडी, हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली. तेव्हा श्रोत्यांत कोण कुठला हे विचारण्याचे तिथे कुणाला सुचत नाही. माझे वडील संस्थानच्या अखेरच्या वर्षांत दरबारी गवई होते. संस्थान गेले, दरबार गेला, आणि ‘दरबार’ हा शब्द आमच्या घरात भिंतीवरच्या एका पिवळ्या छायाचित्रापुरता उरला. म्हणून जिथे अजून गाण्याचा दरबार भरतो असे ठिकाण आहे हे कळताच मी दर मार्गशीर्षात सोलापूर, उमरगा ओलांडून तिकडे जाऊ लागलो. जाता येता आसपासच्या गावांत जात्यावरच्या ओव्या ऐकण्याचा नाद लागला.

गेली तीन वर्षे माझ्याबरोबर माझी एक विद्यार्थिनी येते. गळा बेताचा, पण कान पक्का आणि चिकाटी भारी. ती भूगोलाची पदवीधर. एखादी बाई गाऊ लागली की मी डोळे मिटतो आणि ही मोबाईल काढते. मला प्रथम वाटले, आजकालच्या रीतीप्रमाणे फोटो काढत असेल. पण ती त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवी. सांगलीला परतल्यावर ती सगळी टिपणे तिने लॅपटॉपवर क्यूजीआयएस नावाच्या प्रणालीत घातली. ही प्रणाली गॅरी शर्मन या गृहस्थाने २००२ साली सुरू केली. आता जगभरचे लोक ती मिळून वाढवतात आणि ती कुणालाही फुकट वापरता येते. फुकट मिळते म्हणजे त्यात काही खोट असणार, ही माझी मध्यमवर्गीय शंका तिने हसून बाजूला ठेवली.

या उद्योगात काही अर्थ आहे हे मला नौबादला पटले. बिदर शहराला लागूनच नौबाद आहे. तिथे बहामनी काळातली करेज आहे. लोक तिला सुरंग बावी म्हणतात. औरंगाबादच्या नहरी किंवा बऱ्हाणपूरचा खुनी भंडारा ज्यांनी पाहिला असेल त्यांना कल्पना येईल. जमिनीखाली जांभ्या दगडात बोगदा कोरायचा, त्याला अगदी हलका उतार द्यायचा आणि झिरपणारे पाणी आपल्या पायाने चालत शहराकडे येऊ द्यायचे, ही इराणची विद्या पंधराव्या शतकात इथे आली. बोगदा वरून दिसत नाही. दिसतात ती फक्त ठराविक अंतरावरची उभी विवरे. त्यांतून हवा खाली जाई, माणसे उतरत आणि गाळ वर येई. मध्यंतरी कित्येक विवरे कचऱ्याने बुजली, काही झुडपांत हरवली. केरळातले भूगोलाचे प्राध्यापक व्ही. गोविंदनकुट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विवरांचा माग काढून ती नकाशावर मांडली, आणि गेल्या दशकात करेज साफ करण्याचे काम झाले.

त्या विवरांपैकी एकाच्या काठाशी उभी राहून माझी विद्यार्थिनी म्हणाली, “सर, एक भोक पाहिलं तर ते नुसतं भोक. सगळी मिळून मांडली की खालचा प्रवाह कुठून कुठे जातो ते दिसतं.”

आम्हा गाणाऱ्यांना हे समजायला अवघड नाही. एक स्वर म्हणजे राग नव्हे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर खुणांनी दाखवली आणि त्या खुणा एका पाण्याच्या पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. संगणकाने त्यात भर घातली ती वेगाची आणि थरांची. रस्त्यांचा एक थर, नद्यांचा एक, गावांचा एक, आणि सर्वांवर आपल्या ठिपक्यांचा. हवा तो थर काढावा, हवा तो घालावा.

पहिल्या वर्षीचा आमचा नकाशा असा तयार झाला. ठिपके घातल्यावर विद्यार्थिनीने एक कळ दाबली आणि ठिपक्यांची दाटी रंगात उमटली: जिथे दाट तिथे लाल, विरळ तिथे पिवळे, काहीच नाही तिथे पांढरे. पाहतो तो काय, बिदर, भालकी असा उदगीरच्या दिशेने जाणारा एक लालबुंद पट्टा, आणि दुसरा हुमनाबादवरून उमरग्याकडे! मी हरखून गेलो. सीमेपलीकडे मराठी ओवी कुठे तग धरून आहे याचे हे तर साक्षात चित्रच होते. ‘ओवीचा पट्टा’ असे मथळ्याचे नावही मनात तयार झाले होते आणि याच पानासाठी लेखाची पहिली दोन पाने मी लिहूनही काढली होती.

तिने एक शब्दही न बोलता रस्त्यांचा आणि रेल्वेचा थर वर ठेवला. एक पट्टा म्हणजे बिदर–भालकी–उदगीर ही जुनी रेल्वेलाईन होती आणि दुसरा म्हणजे सोलापूर–हैदराबाद हमरस्ता. गाणी तिथे दाट होती असे त्यावरून मुळीच ठरत नव्हते. आम्ही गाडीतून तिथे उतरलो होतो, एवढेच ठरत होते. नकाशा ओव्यांचा नव्हता, आमच्या पायांचा होता.

लिहिलेली दोन पाने फाडली. सांगायला संकोच वाटतो, पण त्या दिवशी मला राग आला तो माझ्या घाईचा नव्हे, त्या मुलीचा. एक सुंदर गोष्ट तिने दोन मिनिटांत मोडली होती. रात्री तानपुरा लावताना तार काही केल्या जुळेना, तेव्हा ध्यानात आले की मला जे ऐकायचे होते तेच मी त्या रंगात ऐकले होते. सीमाभागातल्या मराठीविषयी आपण सारे हळवे असतो, आणि हळवा माणूस नकाशा वाचू लागला की त्याला आपलीच माणसे दिसतात. पलीकडच्या बाजूचा हळवा माणूस तोच नकाशा वाचील तर त्याला त्याची दिसतील.

दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली. तिने बिदर जिल्ह्याच्या पश्चिम भागावर आणि कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यावर चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीतले एक गाव चिठ्ठी काढावी तसे संगणकाकडून निवडून घेतले. रस्ता बरा की वाईट, ओळखीचे कुणी आहे की नाही, हे पाहायचे नाही. चिठ्ठीत आले त्या गावाला जायचे. शिवाय दुसरा नियम असा, की ज्या गावात कुणी गायले नाही त्या गावाचाही ठिपका घालायचा. मी म्हटले, “नसलेल्या गाण्याचा ठिपका कसला?” ती म्हणाली, “सर, त्रितालातली खाली तुम्ही मोजताच ना?”

हे मात्र मला निरुत्तर करणारे होते. नवव्या मात्रेला टाळी नसते; पण ती मात्रा सोडून दिली तर ताल राहात नाही.

आळंद तालुक्यातल्या एका गावी आम्ही धूळ खात पोचलो. ओव्यांचे नाव काढताच बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गिरणी येऊन किती वर्षे झाली, जाते कुठे आहे, आणि जाते नाही तर ओवी कुठली? एकीने कोठीच्या दाराशी उंबऱ्यासारखी रोवलेली जात्याची तळी दाखवली. त्या गावाचा ठिपका राखाडी. असे राखाडी ठिपके पुष्कळ झाले. पण हमरस्त्यापासून दूर, जिथे मी आपण होऊन कधीही गेलो नसतो अशा गावांत आम्हाला भरभरून गाणी मिळाली. लाल पट्टा पार विरून गेला आणि नकाशा शिंतोडे उडाल्यासारखा दिसू लागला. तो दिसायला पहिल्याइतका देखणा नाही.

भूगोलवाल्यांचा एक सिद्धांत तिने मला सांगितला. वॉल्डो टॉब्लर नावाच्या अमेरिकन भूगोलज्ञाने १९७० साली मांडला: सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, पण जवळच्याचा दूरच्यापेक्षा अधिक. जवळची गावे एकमेकांसारखी, लांबची वेगळी. हे कितपत खरे आहे ते संगणक आकड्यात काढून देतो. मी म्हटले, आमच्या शास्त्रात हे उलटे आहे. षड्जाला सर्वांत जवळचा कोमल ऋषभ, आणि दोघे एकदम लावले तर अंगावर काटा येतो. षड्जाचे खरे जुळते ते तीन स्वर सोडून पंचमाशी. ती गप्प बसली. बोलीच्या बाबतीत मात्र टॉब्लरसाहेबांचे म्हणणे पटते. आपल्याकडे ‘काय करालायस’ म्हणतात, लातूर-उदगीरकडे ‘काय करूलालास’. गाडी पुढे जावी तसा एकेक अक्षराने शब्द सरकत जातो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठी बोलींचे जे सर्वेक्षण केले आहे, त्यात अशा रूपांचे नकाशेच मांडलेले आहेत. ते पाहताना कुठेही कात्रीने कापल्यासारखी रेघ दिसत नाही.

आणि रेघ तर मारली गेलीच आहे. तिची हकीगत जरा तपशिलाने सांगण्यासारखी आहे, कारण नकाशाच्या या शास्त्रातला सर्वांत मोठा धडा आमच्या मते बिदर जिल्ह्यानेच दिला आहे.

ग्रिअर्सन साहेबांनी भारतीय भाषांचे जे अवाढव्य सर्वेक्षण केले त्याचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. पण त्या सर्वेक्षणाच्या कक्षेत निजामाचे हैदराबाद संस्थानच नव्हते! म्हणजे बिदर-गुलबर्ग्याच्या बोलींचे नमुने त्या वेळी गोळाच झाले नाहीत. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९५५ साली, राज्य पुनर्रचना आयोगापुढे बिदर आला. चार भाषांचा जिल्हा. अख्खा जिल्हा एक धरला तर कुठलीच भाषा निम्म्यावर जात नाही. आयोगाने जिल्हा न मोडता तो उरलेल्या तेलुगुभाषक हैदराबाद राज्याबरोबर ठेवावा अशी शिफारस केली. एकक जिल्हा, तर उत्तर हैदराबाद.

पुढच्याच वर्षीच्या कायद्याने जिल्हा मोडला. एकक तालुका झाला. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर मुंबई राज्यात आले. ते १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहेत. नारायणखेड आंध्रात गेले. उरलेला बिदर म्हैसूर राज्यात. पण तालुकाही पुरेना, तेव्हा कायदा आणखी एक पायरी खाली उतरला आणि महसुली सर्कलपर्यंत गेला: जहिराबाद तालुका आंध्राला, पण त्यातले निरणा सर्कल वगळून, बिदर तालुका म्हैसूरला, पण त्यातले न्याळकल सर्कल आंध्राला. शेजारच्या देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले अशीच बाजूला काढली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे सारे अमलात आले. माणसे, घरे, भाषा कालच्या त्याच. मोजायचे माप लहान केले तसतसे उत्तर बदलत गेले. महाराष्ट्राने नंतर जो आग्रह धरला तो आणखी खालच्या पायरीचा, म्हणजे खेडे हा घटक धरावा असा. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी पाटसकरांनी तेच तत्त्व लावले होते. १९६७ सालच्या महाजन अहवालाने बिदरच्या बाबतीत महाराष्ट्राचे म्हणणे मानले नाही, महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही, आणि २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही.

माझ्या विद्यार्थिनीने जे दाखवले ते एवढेच. आमच्याच ठिपक्यांना तिने आधी तालुक्यांत गोळा करून रंग दिला, मग सर्कलांसारख्या लहान तुकड्यांत, मग गावांत. तीन नकाशे, तीन चित्रे, आणि तिन्ही खरी. तालुक्याच्या नकाशात जे गाव ठाम एका रंगाचे होते ते खाली उतरल्यावर दुसऱ्याच रंगाचे निघाले. या भानगडीवर स्टॅन ओपनशॉ नावाच्या इंग्रज भूगोलज्ञाने १९८४ साली एक पुस्तिकाच लिहिली आहे. त्याआधी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने अमेरिकेतल्या आयोवा राज्याचे ९९ परगणे वेगवेगळ्या रीतीने एकत्र बांधून पाहिले. म्हातारी माणसे आणि एका पक्षाची मते यांचा संबंध एका बांधणीत जवळजवळ पूर्ण जुळता, तर दुसऱ्या बांधणीत जवळजवळ पूर्ण उलटा निघाला. आकडा एकही बदललेला नव्हता! १९५६ साली अशी वेगवेगळी मापे लावून पाहायची तर नव्याने बेरजा मांडत बसावे लागले असते. आज ते कळ दाबण्याइतके सोपे आहे. म्हणूनच कुणी एकच नकाशा पुढे करून ‘हे पाहा’ म्हणाला, तर ‘माप कोणते धरले?’ असे विचारण्याची सवय लावून घ्यायला हवी. मला ती उशिरा लागली.

खेडे हे तरी शेवटचे माप कशावरून? भालकीच्या पुढे एका चिठ्ठीतल्या गावी एक आजी भेटल्या. आम्हाला पाहून त्यांनी आधी पेन्शनचे कागद काढले. आम्ही सरकारचे नाही हे पटायला चहा होईपर्यंत वेळ गेला. मग त्या गायल्या. आवाज थकलेला, पण सुराला पक्का. तीनचार स्वरांच्या आत फिरणारी सरळ चाल. पाच-सहा ओव्या मराठीत झाल्या आणि दम न घेता त्याच चालीत, त्याच लयीत त्या कानडीत शिरल्या. कानडीत याला बीसुव कल्लिन पद म्हणतात, जात्यावरचेच गाणे. कुठे भाषा बदलली हे मला शब्द कळले नाहीत म्हणून कळले. चालीवरून कळले नसते.

विद्यार्थिनीचे बोट मोबाईलवर थांबले. तिच्या तक्त्यात भाषेचा रकाना एकच होता: म किंवा क.

“काय लिहूलालीस, माय?” आजींनी विचारले.

“आजी, तुमची भाषा कोणती लिहू?”

“माय माझी उदगीरकडची, तिची गाणी मराठी. सासू इथली, तिची कानडी. दळायला दोघींनी शिकवलं. कुणाचं लिहायचं ते तूच बघ.”

जनगणनेवाल्यांनाही ही अडचण ठाऊक आहे. ते मातृभाषा एक लिहून घेतात आणि येत असलेल्या आणखी दोन भाषांची नोंद वेगळी करतात. पण नकाशा रंगवणारा बहुधा पहिल्याच रकान्याने रंगवतो. आपल्या सांगलीशेजारच्या कुपवाडात गंपर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांनी कानडी, मराठी, उर्दू बोलणाऱ्यांचे बोलणे तपासले होते. त्यांचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्याची घडण इतकी जवळ आली की एका भाषेतले वाक्य शब्दामागे शब्द ठेवून दुसरीत नेता येई, असे त्यांना आढळले. आमच्या आजींच्या गाण्यात मी तेच ऐकत होतो. घडणीच्या जागी चाल, एवढाच फरक.

मौज अशी, की मराठी बायका कांडताना ओवी गातात ही नोंद ज्या जुन्या ग्रंथात सापडते तो ‘मानसोल्लास’ चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास रचला, आणि त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण. ते या गावापासून फार लांब नाही. कानडी मुलखातल्या राजाने संस्कृत ग्रंथात मराठी ओवीची दखल घेतली. संगीताच्या वर्गात मी ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगत आलो. ते कल्याणी नकाशावर नेमके कुठे आहे हे मात्र तिथे जाईपर्यंत मी कधी पाहिले नव्हते.

घरी आल्यावर तिने तक्त्यात दोन रकाने केले. क्यूजीआयएसमध्ये ठिपक्याच्या जागी भाकरीचे तुकडे करावेत तसे लहानसे वर्तुळ काढता येते. अर्धे एका रंगाचे, अर्धे दुसऱ्या. मागची सगळी ध्वनिमुद्रणे आम्ही पुन्हा ऐकली, तर पुष्कळ ठिपक्यांची अशी वर्तुळे झाली. पहिल्यांदा मी ऐकताना कानडी सुरू झाले की टिपण थांबवत असे, ही माझी चूक त्या मुद्रणांत स्पष्ट ऐकू येते: मध्येच माझा आवाज, “बास, बास.” आता तिसरा रकाना मी भरतो आहे. त्यात भाषा नाही. चाल कोणत्या स्वरांत फिरते तेवढे लिहायचे. हे काम मलाच करावे लागते, संगणकाला अजून ते माझ्यासारखे येत नाही असे ती माझ्या समाधानासाठी म्हणते.

येत्या मार्गशीर्षासाठी चिठ्ठ्या काढल्या आहेत. या वेळी चौकटी सीमेच्या अलीकडेही आखल्या, कारण राज्याच्या रेघेशी नकाशा थांबवला तर तिथेच सगळे संपते असा भास होतो. पहिले नाव उदगीर तालुक्यातले निघाले. आजींचे माहेर त्याच भागात, म्हणून वाट विचारायला फोन केला. त्यांनी भालकीहून कोणती गाडी, कुठे उतरायचे, ओढा कुठल्या बाजूने ओलांडायचा, सगळे सांगितले. मग म्हणाल्या, “माझी वहिनी हाय तिथं. तिला म्हणावं, तू कानडीला हसत होतीस, ते गाणं मी मास्तराला दिलंय.”